चाकोरी सोडू नका : जंगलातल्या गाडीवाटेवर चालणाऱ्यांसाठी आणि चालवणाऱ्यांसाठी

एरवी "चाकोरीबाहेर जा" असं सांगणाऱ्यांची कमी नाही. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर मात्र हा सल्ला मुळीच ऐकू नये. चाकोरी म्हणजे चाकांच्या येण्याजाण्याने पडलेले दोन समांतर पट्टे. आधी बैलगाडीने पाडलेले, मग जीपने रुंदावलेले, आणि आता थार, जिम्नी, बुलेट, सायकली, ट्रेकरांचे घोळके, गावची पिकअप आणि म्हशी अशा सगळ्यांच्या वाट्याला आलेले. दोन्ही पट्टे आणि मधली गवताची शेंडी धरून वाट फार तर अडीच-तीन मीटर रुंद भरते. फुपाटा चुकवायला, चिखल टाळायला, समोरच्याला वाट द्यायला जो तो तिच्या बाहेर एक पाऊल टाकतो आणि काही पावसाळ्यांत तीन मीटरची वाट दहा मीटरची होते.

पुढचं सगळं अशा वाटेवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. पायी जाणाऱ्यांनी गाडीवाल्यांचा भागही वाचावा आणि गाडीवाल्यांनी पायी जाणाऱ्यांचा. समोरचा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे कळलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

आधी बघा, इथे कोणाला मुभा आहे

आपण सरसकट "जंगल" म्हणतो त्याचे कायद्याने वेगवेगळे प्रकार आहेत. राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभा इथले नियम सगळ्यांत कडक. ताडोबात पायी भटकता येत नाही. नोंदणी झालेल्या सफारीच्या गाडीतून, गाइडसोबत, ठरलेल्या वेळेतच जायचं.

अभयारण्याचं थोडं निराळं. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २७ नुसार तिथले रहिवासी, आत मालकीची जमीन असलेले, कामावरचे सरकारी नोकर आणि सार्वजनिक महामार्गावरून जाणारे सोडून बाकीच्यांना परवाना लागतो. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी देता येतो ते लिहिलेलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. "ऑफ-रोडिंग" हा शब्द त्या यादीत नाही. पर्यटन म्हणून आत सोडलं तर ते ठरवून दिलेल्या रस्त्यापुरतंच, हे नाक्यावर वाद घालण्याआधी आठवावं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राखीव वनात १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू होतो आणि त्याच्या कलम २६ खाली विनापरवाना घुसणं हाही गुन्हाच.

प्रत्यक्षात चित्र जागेगणिक बदलतं. गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्यातून कुळेहून दूधसागरकडे जाणारा दहा-बारा किलोमीटरचा रस्ता हा आपल्याकडचा गाडीवाटेचा सगळ्यांत ठळक नमुना. ओढे ओलांडत जाणाऱ्या या रस्त्यावर परवानाधारक स्थानिक जीपच चालतात, तुमची स्वतःची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी) कितीही ताकदीची असली तरी ती कुळ्यातच उभी राहते, आणि पावसाळ्यात रस्ता बंद असतो. म्हणून रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्याची शक्कल कोणी सुचवली तर ऐकू नका. तो रेल्वे कायद्याचा गुन्हा आहे आणि त्या बोगद्यांत बाजूला व्हायला जागा नसते. कोयना अभयारण्यातल्या वासोट्याला उलट प्रकार: बामणोलीहून लाँचने पलीकडे जायचं, वनखात्याकडे नोंद करायची आणि पुढे फक्त पायी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात डांबरी रस्ते, गावं, वाड्या आणि ट्रेकच्या वाटा एकमेकांत गुंतलेल्या आहेत; तिथे माणशी आणि गाडीमागे प्रवेशशुल्क घेतात. लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीला जाणारा सुमारे पंधरा किलोमीटरचा कच्चा रस्ता हा आजच्या विषयाची जणू शाळाच: एकाच वाटेवर रात्रीचे ट्रेकर, शनिवारचे बुलेटवाले, सायकलस्वार, फोर बाय फोरचे काफिले आणि आठवड्याचा बाजार घेऊन घरी चाललेले गावकरी.

परवानगी काढताना हा क्रम ठेवा.

१. जागा कोणत्या खात्याकडे आहे ते विचारा. वन्यजीव विभाग आणि प्रादेशिक वनविभाग ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नाक्यावर चालत नाही.

२. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात (लोक त्याला रेंज ऑफिस म्हणतात) फोन करा आणि तीन प्रश्न स्वतंत्र विचारा: पायी चालतं का, खासगी गाडी चालते का, आणि बाहेर पडायची वेळ काय. "जाता येतं का?" असा मोघम प्रश्न विचारलात तर उत्तरही मोघम मिळतं.

३. गाडी नेणार असाल तर नंबर, माणसांची संख्या आणि नेमका रस्ता लिहून द्या. पावती गाडीत ठेवा, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

४. आदल्या दिवशी शेवटच्या गावात कोणालातरी फोन करून रस्त्याची हालत विचारा. झाड पडलंय, मोरी वाहून गेलीय, ही बातमी ऑफिसच्या आधी गावाला कळते.

मोबाइलमधल्या नकाशाबद्दल एक इशारा. ढोरवाट, लाकडं ओढायची जुनी वाट आणि गाडीरस्ता यांतला फरक त्या नकाशाला फारसा कळत नाही. रेघ दिसते म्हणजे वाट खुली आहे असं समजू नका.

तयारी

चालणाऱ्यांची तयारी सोपी आहे. एखादा भडक रंगाचा कपडा, कारण कारवीच्या झुडपांच्या सावलीत खाकी आणि हिरवं माणूस ड्रायव्हरला दहा मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. नाकातोंडावर बांधायला सुती रुमाल किंवा ओढणी. हेडटॉर्च. आणि कानांत काही नको. गाणी ऐकायचीच असतील तर घरी ऐका. वळणामागून येणारी गाडी आधी कानांना कळते, डोळ्यांना मागाहून.

गाडीवाल्यांसाठी सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टायरमधली हवा. डांबरीवर ३२-३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर कच्चा रस्ता सुरू होतो तिथे थांबून ती २४-२५ वर आणा. टायर जरा पसरतो, जमिनीला जास्त जागेवर धरतो, कमी घसरतो आणि म्हणून माती कमी उकरतो. चढावर चाक गरगरलं की मुरूम उडून तिथे खळगा पडतो, पुढच्या गाडीचं चाक त्याच खळग्यात अडकतं आणि खळगा घमेल्याएवढा होतो. हे बहुतेक वेळा जास्त हवा आणि जास्त ॲक्सिलरेटर यांचं काम असतं. १५ पीएसआयच्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. प्रेशर गेज आणि लहान कॉम्प्रेसर सोबत हवाच. डांबरी लागताच हवा पुन्हा भरा, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो.

याशिवाय गाडीत हवं: फावडं, दोन रिकामी गोणपाटं, नऊ-दहा मीटरचा ओढायचा पट्टा, दोन शॅकल (पट्टा गाडीला अडकवायच्या लोखंडी कड्या), पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, आणि कचरा परत आणायची पिशवी. बुलेटचा बदललेला, फटफटणारा सायलेन्सर घेऊन अभयारण्यात येऊ नका. खालच्या गावापर्यंत सगळ्यांना कळतं कोण आलंय ते, आणि शेकरूलाही.

समोरासमोर आल्यावर

चालणाऱ्यासाठी गाडीने थांबायचं. यात "कोण चढावर, कोण उतारावर" असा प्रश्नच नाही. चढ-उताराचा नियम दोन गाड्यांमध्ये लागतो: अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलताना चाक घसरतं.

पण "गाडी थांबेल" या भरवशावर चालणाऱ्याने वाटेच्या मधोमध राहू नये. आकडे बघा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. ड्रायव्हरचं लक्ष जाऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या सुट्या खडीवरची घसरण धरली, तर गाडी थांबेपर्यंत साधारण दहा मीटर जातात. वेग ४० असेल तर हेच अंतर सत्तावीस मीटरच्या आसपास जातं. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. जंगलातल्या वळणावर पुढचं बारा-पंधरा मीटरच दिसतं. म्हणून अशा वाटेवर २० ही कमाल मर्यादा समजा, आणि माणसं दिसली की चालण्याच्या वेगावर या.

गाडीचा आवाज आला की चालणाऱ्यांनी काय करायचं:

सगळ्यांत पुढचा किंवा मागचा, ज्याला आधी ऐकू येईल त्याने "गाडी!" म्हणून हाक द्यायची आणि ती रांगेभर पोहोचवायची. सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं. निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले की ऐन वेळी कोणीतरी "अगं, इकडे ये" म्हणतं आणि कोणीतरी गाडीपुढून पळतं. अपघात बहुधा इथेच होतात. लहान मुलाचा हात मोठ्या माणसाने धरायचा आणि मूल कपारीच्या बाजूला, मोठं माणूस गाडीच्या बाजूला.

बाजू कोणती? डोंगराकडची. दरीकडची कड बाहेरून घट्ट दिसते, पण पावसाने खालून पोखरलेली असते, आणि गाडी बाजूने जाताना तिच्या वजनाने ती आणखी हलते. वळणावर मात्र आतल्या कोपऱ्यात उभे राहू नका. पुढची चाकं जिथून गेली त्याच्याही आतून मागची चाकं जातात. पुढचा भाग सुखरूप गेला म्हणून निर्धास्त झालेल्याच्या पायाजवळून मागचं चाक जातं. वळणाच्या आतच डोंगर असेल तर वळण सोडून आधीच्या सरळ तुकड्यावर या आणि तिथे थांबा.

बाजूला होताना चाकोरीच्या कडेला लागून, जिथे आधीच जमीन तुडवलेली आहे तिथेच उभे राहा. चार पावलं आत गवतात शिरू नका. सरपटणारं कोणीतरी तिथे आधीच बसलेलं असू शकतं, हे दुसरं कारण.

ड्रायव्हरने काच खाली करावी, गॉगल काढावा, इंजिन धीमं ठेवून डोळ्याला डोळा द्यावा. मागे किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवावं: तीन बोटं म्हणजे अजून तीन. शेवटच्या गाडीने बंद मूठ दाखवावी. चालणाऱ्यांनीही तसंच मागे किती माणसं आहेत ते सांगावं. या खुणा आपल्याकडे अजून फारशा रुळलेल्या नाहीत, म्हणून पहिल्यांदा तोंडाने सांगा, "दादा, मागे अजून तीन आहेत". नाहीतर पहिली गाडी गेली की लोक पुन्हा वाटेवर येतात आणि दुसरी गाडी धुळीतून त्यांच्यावर येते.

मागून येणाऱ्या मोटारसायकलीने हॉर्न देऊ नये; दचकलेला माणूस नेमका चुकीच्या बाजूला उडी मारतो. वेग कमी करून "डावीकडून येतोय" अशी हाक पुरते. सायकलवाल्यांना हे दुप्पट लागू आहे, कारण उतारावर त्यांचा आवाजच येत नाही.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा की नाही, यावर मतं दोन आहेत. अभयारण्यात हॉर्न न देणं बरं. त्याऐवजी काचा उघड्या, गाणी बंद, वेग दहाच्या आत, आणि फारच अरुंद असेल तर सोबतचा एक माणूस उतरून पुढे चालत जाऊ द्या. दोन मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

चढ, उतार आणि मधले शॉर्टकट

तीव्र चढावर एका वेळी एकच गाडी. मागची गाडी खाली सपाटीवर उभी राहील. पुढची घसरून मागे आली तर मागचीला पळायला जागा नसते, आणि दोघींच्या मधे चालणारी माणसं असतील तर काय होईल हे सांगायला नको. उतारावर लो रेंज (फोर बाय फोरमधली कमी वेगाची, जास्त जोराची गियरची जोडणी), पहिला गियर, पाय ब्रेकवरून काढून इंजिनच्या धरण्यावर गाडी सोडा. न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे पेट्रोल वाचवायच्या नादात ब्रेक घालवणं.

नागमोडी वाटेवर वरच्या टप्प्यातल्या चाकाने सुटलेला दगड खालच्या टप्प्यावर येतो. खाली माणसं दिसली तर वरच थांबा, त्यांना वळण पार करू द्या. चालणाऱ्यांनी वरून गाडीचा आवाज येत असेल तर नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) किंवा घसाऱ्याखाली (सुट्या दगडमातीच्या उताराखाली) पाणी प्यायला बसू नये.

आणि शॉर्टकट. दोन वळणांमधून सरळ खाली उतरणारी पायवाट मोहात पाडते. पहिल्या पावसात पाणी त्याच सरळ रेषेने उतरतं, वाटेची घळ होते आणि पुढच्या वर्षी ती घळ खालचा गाडीरस्ताच कापते. मग गाड्या नवीन रस्ता शोधतात, झाडीतून. पाच मिनिटं वाचवणाऱ्या शंभर माणसांनी मिळून केलेला हा उद्योग असतो.

फुपाटा आणि चिखल

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळ्यापेक्षा जास्त नुकसान इथे होतं.

जानेवारी ते मे लाल माती पिठासारखी होते. काफिल्यातल्या दोन गाड्यांमध्ये पुढचीची धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेवा. वारा नसेल तर हे अंतर शंभर मीटरच्याही वर जातं. चालणाऱ्यांनी वाऱ्याकडची बाजू धरावी, पण डोंगराकडची बाजू आणि वाऱ्याकडची बाजू जुळत नसेल तर डोंगरच निवडा आणि तोंडावर रुमाल घ्या. धूळ झटकता येते.

पावसाळ्यात उलटं होतं. वाटेत डबकं लागलं की गाडीवाला कडेने गाडी घालतो, चालणारा त्याच्याही कडेने जातो. पुढच्या आठवड्यात ती कडही चिखल होते. योग्य मार्ग कपड्यांना न आवडणारा आहे: डबक्यातून जा. चालणाऱ्यांनी घोट्याएवढ्या पाण्यातून सरळ पाय टाकायचा, बूट ओले होतील हे निघतानाच मान्य करायचं. गाडीने आधी थांबून काठीने खोली आणि तळ बघायचा, मग लो रेंजमध्ये न थांबता, न उडवता पार व्हायचं.

मात्र जून ते सप्टेंबर चाकोरीतल्या साचलेल्या पाण्यात बेडकांची अंडी आणि भैरे (शेपटीवाली पिल्लं) असतात. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) तर उथळ साचलेल्या पाण्यात अंडी घालणारा आंबोलीचा भेक आहे, आणि तो अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो. त्यामुळे खरा सल्ला असा की या चार महिन्यांत मातीच्या वाटेवर गाडी नेऊच नका. डांबर संपतं तिथे ठेवा आणि चाला. बरोबर की चूक ते ठरवायला साधी कसोटी: पाच पावलं गाडी पुढे घ्या, उतरून मागे बघा. चाकाची खूण बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल उमटली असेल तर वाट अजून तयार नाही, मागे फिरा. ती खूण उतारावर असेल तर पुढच्या सरीला तिचा पाट होतो.

सड्यांवर तर चाक अजिबात नको. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांसोबत जागतिक वारसा यादीत गेलं ते तिथल्या काळ्या-तांबड्या कातळावरच्या फुलांसाठी. कातळावरची माती कुठे कुठे वीतभरही नसते. तिच्यावर सीतेची आसवं, गेंद असली बोटभर उंचीची झाडं दाटीने उगवतात. एक टायर त्यावरून गेला की माती सैल होते, पाऊस ती धुऊन नेतो आणि खाली उघडा कातळ राहतो. तिथे परत माती यायला किती पिढ्या लागतील कोणास ठाऊक. "रिकामं मैदानच तर आहे, दोन चकरा मारू" असं वाटायला लावणारी जागा म्हणूनच सगळ्यांत जपायची.

ओढा ओलांडताना

चालणाऱ्यांना घोट्याच्या वर वाहतं पाणी, पंधरा सेंटिमीटरचं का असेना, वेग असेल तर पाडू शकतं. तीस सेंटिमीटर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, साठ सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ पाणी, त्यात काटक्या-पालापाचोळा येतोय आणि पाणी वाढतंय असं दिसलं तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय. तिथे अंदाज बांधत बसू नका. घाटातलं पाणी चढतं तसं काही तासांत उतरतंही, थांबणं स्वस्त पडतं.

गाडी ओढ्यात असताना चालणाऱ्यांनी त्याच वेळी ओलांडू नये. गाडीची लाट गुडघ्याला लागते, आणि तिच्या खालच्या अंगाला उभे राहिलात तर घसरलेली गाडी तुमच्यावर येते. आधी माणसं, मग गाडी, एकेक. ओढ्यात गाडी धुऊ नका. खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी तेच असतं.

गावची माणसं, गुरं आणि गवा

ही वाट तुमच्या सुट्टीची असली तरी कोणाच्या तरी दवाखान्याची, शाळेची, दुधाच्या किटल्यांची आहे. बऱ्याच ठिकाणी गावाने श्रमदानाने ती राखलेली असते. गावची गाडी समोर आली की तुम्ही मागे घ्या, चढ-उतार न बघता. "राम राम मामा, पुढे कसा आहे रस्ता?" एवढं विचारलंत तर मोबाइलपेक्षा चांगलं उत्तर मिळतं.

म्हशींचा कळप आला की इंजिन बंद. हॉर्न दिल्याने म्हैस हलत नाही, फक्त गुराख्याचं डोकं फिरतं. चालणाऱ्यांनी कळपाच्या मधून न जाता कडेला थांबावं, वासरू आणि गाय यांच्यामध्ये तर मुळीच येऊ नये.

गव्याचा प्रश्न वेगळा. दाजीपूर, कोयना, चांदोलीच्या बाजूला तो वाटेवर येतो. गाडीत असाल तर थांबा, हॉर्न नको, हेडलाइट डोळ्यांवर मारू नका, त्याला जायला बाजू मोकळी ठेवा. पायी असाल तर किमान पन्नास मीटर राखून, त्याच्याकडे तोंड ठेवून हळू मागे सरका. सगळ्यांत धोक्याची जागा म्हणजे गवा आणि गाडी यांच्या मधली. गाडीमुळे बिथरलेला गवा पळतो, आणि त्याच्या पळायच्या वाटेवर मोबाइल उंचावून तुम्ही उभे असता. गाडीवाल्यांनी अशा वेळी चालणाऱ्यांना आत बसवून घ्यावं. अनोळखी असले तरी.

काजव्यांच्या रात्री

बहुतेक अभयारण्यांत अंधार पडल्यावर प्रवेश नसतो. अपवाद मे अखेर ते जूनच्या मध्याचा, काजव्यांचा. भंडारदऱ्याच्या बाजूला, राजमाचीला तेव्हा एका रात्रीत इतक्या गाड्या येतात की काजव्यांपेक्षा दिवेच जास्त. काजवा लुकलुकतो तो मादीला खूण म्हणून. तीही खालून, गवतातून किंवा झुडपातून उत्तर देते. हेडलाइटच्या उजेडात ती दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून गाडी लांब, ठरलेल्या तळावर लावा, दिवे पूर्ण बंद करा, उरलेलं अंतर चाला. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद बांधा आणि झोत फक्त पायांकडे. वाट सोडून झाडाखाली गेलात तर माद्या पायाखाली येतात. रात्रीच्या प्रवेशाचे नियम वनखातं दर वर्षी नव्याने लावतं, निघण्याच्या आठवड्यातच चौकशी करा.

गाडी रुतली तर

चाक गरगरवू नका. एकदा बसली ती बसली, प्रत्येक प्रयत्नाने ती अजून खाली जाते. क्रम असा: माणसं उतरवा. चाकांपुढची माती फावड्याने उतरती करा. हवा १८ पर्यंत आणा. चाकांखाली गोणपाटं सरकवा. दुसऱ्या गियरमध्ये, हलक्या पायाने बाहेर. झाडाच्या फांद्या तोडून चाकाखाली घालायची आपल्याकडे सवय आहे. अभयारण्यात ती कायद्यानेही चालत नाही.

ओढायची वेळ आली तर पट्टा चेसीच्या हुकालाच लावा. ट्रकवर गाडी बांधायला दिलेल्या कड्या किंवा टो बॉल (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) झटक्याने तुटतात आणि गोळीसारख्या सुटतात. पट्ट्याच्या मध्यावर जाड जाकीट किंवा घोंगडी टाका म्हणजे तुटला तर खाली पडेल. नऊ मीटरचा पट्टा असेल तर बघ्यांनी अठरा मीटर लांब राहायचं, आणि कधीही पट्ट्याच्या रेषेत नाही. व्हिडिओ काढणारे ट्रेकर नेमके तिथेच उभे राहतात, त्यांना आधी हलवा. खुणा एकाच माणसाने करायच्या, तोही गाडीच्या समोर न राहता कोपऱ्यातून. विंच (गाडीवरची तार गुंडाळून ओढायची चरखी) झाडाला लावायचाच प्रसंग आला तर तारेऐवजी रुंद पट्टा खोडाला गुंडाळा, तार साल कापते. त्यापेक्षा दुसरी गाडी बरी. गाडी निघाली की खड्डा दगडांनी भरूनच पुढे जा.

मोबाइलला रेंज नसली तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर तो फोन लागतो. रुग्णवाहिकेला १०८, महाराष्ट्रात वनखात्याला १९२६. जागा सांगताना "जंगलात, ओढ्याजवळ" नको. शेवटच्या वाडीचं नाव, तिथून किती किलोमीटर आणि कोणत्या बाजूला, हे सांगा.

परतताना

फेब्रुवारी ते मे गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका. सायलेन्सर आणि त्याआधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की गवत पेट घेतं, आणि वणवा लावणाऱ्याचा हेतू काय होता हे नंतर कोणी विचारत नाही. मुरमाच्या उघड्या जागेवरच थांबा.

घरी गेल्यावर टायरच्या खाचा आणि मडगार्डच्या आतला चिखल धुवा, बुटांचे तळही. रानमोडी, गाजरगवत यांचं बी असंच एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातं. धुतलेलं पाणी नाल्याकडे न सोडता अंगणातल्या कोपऱ्यात जिरवा आणि पावसाळ्यात तिथे काय उगवतं त्यावर लक्ष ठेवून उपटून टाका, फुलावर येण्याआधी.